नाशिकमध्ये दहा माणसं जमवायची म्हणजे

नाशिकला आमचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, नाही. जवळचं म्हणजे ठाण्याचं, १८७९ सालचं, म्हणजे कसारा घाट उतरा आणि परत चढा. त्यामुळे इथली आम्ही जी मोजकी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं आहोत ती वर्षभर आपापल्या घरातच शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस) करतो, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायचे, द्राक्षाच्या रसावर किद्दुशची प्रार्थना म्हणायची, जेवायचं, झालं. मोठे सण आले की ठाणे नाहीतर मुंबई. उन्हाळ्यात मात्र उलटी गंगा वाहते, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, इस्रायलहून कोणी ना कोणी आलेलं असतं आणि कोणीतरी म्हणतंच की यंदा नाशिकला जमूया, तिकडे हवा बरी असते. मे महिन्यात इथे पारा चाळीसला टेकतो, पण मुंबईच्या माणसाला घाम आला नाही की ती त्याची थंड हवा.

यंदा हे म्हणाली आत्या. ती अश्दोदला असते, १९६९ साली गेली ती गेलीच, पण मराठी अजून आमच्यापेक्षा चांगलं बोलते. गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून तिने एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिदा (गोड पोह्यांचा आमचा नवस) बोलला होता आणि तो तिला नाशिकरोडलाच करायचा होता, कारण माझे बाबा, म्हणजे तिचा भाऊ, जन्मभर इथल्या प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात, नोकरीला होते आणि तिच्या सगळ्या सुट्ट्या आमच्या क्वार्टरमध्ये गेल्या. त्यात हिब्रू कॅलेंडरप्रमाणे बाबांच्या जाण्याची तारीख नेमकी त्याच शब्बाथला येत होती, इयार महिन्यात. म्हणजे शुक्रवारी रात्री तेफिला (प्रार्थना), त्यात दादा बाबांसाठी कद्दिश म्हणेल, गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती प्रार्थना, शनिवार घरात, रविवारी मलिदा आणि जेवण. ऐकायला सोपं.

तारीख तशी बरी होती. पेसाख आणि शावुओत या दोन सणांच्या मधले ओमेरचे ४९ दिवस आम्ही मोजतो आणि त्यातल्या ३३ व्या दिवसापर्यंत, लाग बाओमेरपर्यंत, लग्न, गाणंबजावणं टाळतात. तो होऊन गेला होता त्यामुळे टाळ्या वाजवून गायला कोणाची हरकत नव्हती.

कद्दिशला मिन्यान लागतो. मिन्यान म्हणजे तेरा वर्षांच्या वरचे दहा पुरुष. नऊ असले तर नाही चालत, नऊ पुरुष आणि पन्नास बायका असल्या तरी नाही चालत. सुधारक पंथात बायकांनाही धरतात पण आमचं घराणं जुन्या वळणाचं, आणि येणारे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तेही. तर मी आणि वहिनी वही घेऊन बसलो. माझा नवरा, मुलगा, दादा, देवळालीचे काका आणि त्यांचा मुलगा, गंगापूर रोडचे एक डॉक्टर, आत्याचे मिस्टर, ठाण्याहून हजान, हे झाले आठ. पुण्याचे दोघे मामेभाऊ धरले की दहा. बरोब्बर दहा, एकही जास्त नाही, तेव्हाच पोटात गोळा आला होता कारण आपल्याकडे बरोब्बर कधी काही होतं का.

मग फोन. मला विचाराल तर धर्मकार्य म्हणजे ऐंशी टक्के फोन असतो. शब्बाथला प्रवास नाही म्हणजे सगळे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत पोचायला हवेत आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत इथेच राहायला हवेत, म्हणजे त्यांच्या झोपण्याची सोय आली, गाद्या आल्या, डॉक्टर गंगापूर रोडला राहात असले तरी त्यांनाही मुक्कामच, कारण रात्री गाडी काढून घरी जायचं नाही. एरवी आम्ही नाशिककर याबाबतीत फार कडक नाही हो, खोटं कशाला बोलू, पण हजान घरात म्हटल्यावर सगळ्यांच्या पाठी सरळ झाल्या. फ्रिजच्या आतला दिवा काढून ठेवला, कारण दार उघडलं की तो पेटतो आणि शब्बाथला दिवा पेटवायचा नसतो. बाथरूमचे लाइट, पंखे, हॉलचा कूलर शुक्रवारीच चालू करून ठेवले. वीज गेली तर? तर गेली. शेजारच्या मुलाला बोलवून बटण दाब असं सरळ सांगता येत नाही, फक्त त्याच्यासमोर जोरात म्हणायचं, बाई गं, काय उकडतंय. आणि तो मुलगा हुशार आहे, लहानपणापासून आमच्याकडे येतो, त्याला बरोबर कळतं.

गुरुवारी बाजार. रविवार कारंजावर काळे मनुके घेतले, बदाम, पिस्ते, खजूर घेतले. मनुक्यांचं सांगायलाच पाहिजे. किद्दुशला द्राक्षाचं काहीतरी हवं, आणि आता नाशिक म्हणजे वाइनचं गाव, बाहेरगावचे लोक वाइनरी बघायला येतात, पण कोशरच्या, म्हणजे आमच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक, नियमाने वाइन बनवताना ती हाताळणारे ज्यूच लागतात, म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर द्राक्षाचे मळेच्या मळे आणि बाटली एकही चालत नाही. म्हणून आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी जे केलं तेच आम्ही करतो, मनुक्यांचं शरबत. काळे मनुके तीनचार पाण्यांनी धुवायचे, माती फार असते, मग रात्रभर भिजत घालायचे, सकाळी ते टम्म फुगतात, मग त्याच पाण्यात हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून पिळायचे. मिक्सर लावला तर बिया वाटल्या जातात आणि कडवट लागतं, आईने कधी लावू दिला नाही. गडद जांभळं पाणी निघतं आणि हात दोन दिवस तसेच राहतात. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारलं की ताई एवढे काळे मनुके कशाला, वहिनी म्हणाली आम्ही ज्यू आहोत, आमच्यात लागतात, तर तो म्हणाला म्हणजे इस्रायलवाले? अहो मग आमच्या निफाडच्या बागेचं ठिबक बघायला या ना एकदा. नाशिकमध्ये इस्रायल म्हटलं की ठिबक. माझ्या नवऱ्याला लोकांनी आजवर ड्रिपरविषयी इतके प्रश्न विचारलेत आणि तो बिचारा बँकेत आहे.

मासळी शुक्रवारी सकाळी. कोशर चिकन हजान ठाण्याहून बर्फाच्या डब्यात आणणार होते, ते रविवारसाठी, शुक्रवारी आमच्याकडे मासाच असतो. आम्हाला खवले आणि पर दोन्ही असलेला मासा चालतो, त्यामुळे कोळंबी नाही, खेकडे नाही, मागूर नाही. मी रोहू घेते. मासेवाल्या मावशींची पद्धत अशी की तुम्ही बोट दाखवलं की त्या खवले काढायलाच घेतात, आणि मी ओरडते, मावशी थांबा, आधी दाखवा, मग काढा. आता त्यांना माहीत झालंय. मासा उलटा धरून नखाने एक खवला उचलून दाखवतात आणि म्हणतात, घ्या, आहे तुमचा. मग घरी येऊन नारळाचं दूध काढून, कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण वाटून हिरवं कालवण. आमच्याकडे मटण-चिकनबरोबर दूधदुभतं चालत नाही त्यामुळे नारळाच्या दुधावरच सगळा संसार, खीरसुद्धा त्याचीच.

तर मी वाटण वाटत होते आणि पुण्याहून फोन, की धाकट्याला ऑफिसने सोडलं नाही, कसलंसं ऑडिट आहे, थोरला एकटा निघालाय. झाले नऊ.

दादाने डोकं लढवलं. त्याचा एक मित्र इगतपुरीला टॅक्सी चालवतो. तिथे धम्मगिरीला विपश्यनेला इस्रायली पोरं पुष्कळ येतात, सैन्यातली नोकरी संपली की भारत फिरायला निघतात आणि त्यात काहीजण दहा दिवस मौन पाळून बसतात. दादाने त्याला विचारलं, आहे का रे कोणी. आणि होता! आदल्याच दिवशी कोर्स संपवून बाहेर पडलेला एक मुलगा, चोवीस-पंचवीसचा, नाशिकमध्येच हॉटेलात होता आणि रविवारच्या गाडीने पुढे जाणार होता. दादाने फोन केला, तो म्हणाला मी धार्मिक वगैरे नाही पण घरचं जेवण असेल तर येतो. चार वाजता हजर. केस बांधलेले, पायात चपला, आणि तोंड जे सुरू झालं ते थांबेना, दहा दिवसांचं साठलेलं सगळं. आत्याने दारातच त्याला हिब्रूत विचारलं कुठला तू, तो म्हणाला हैफाचा, आणि मग साडी नेसलेली बाई हिब्रू कशी बोलते म्हणून तो बघतच राहिला. पाच मिनिटांत ती त्याला अर्धं हिब्रू अर्धं मराठी बोलायला लागली, मोतेक, अजून एक घे ना रे, लाजतोस काय.

पावणेसातच्या सुमाराला आम्ही दिवे लावले. बायकांनी हात डोळ्यांवर धरून ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हटली. डॉक्टर द्वारका चौकात अडकून कसेबसे वेळेत पोचले होते. पुरुष हॉलमध्ये उभे, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, त्या मुलाला माझ्या मुलाची जुनी टोपी दिलेली. हजानांनी नजरेनेच मोजलं. आमच्यात माणसं थेट एक दोन तीन अशी मोजत नाहीत, पण कळतं. दादाच्या हातात कद्दिश देवनागरीत लिहिलेला कागद होता. कद्दिश सगळा जवळजवळ अरामी भाषेत आहे, त्यात मरणाचा उल्लेखसुद्धा नाही, नुसती देवाची स्तुती, आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये आमेन म्हणायचं असतं, म्हणून तर माणसं लागतात.

आणि तो मुलगा स्वतःहूनच म्हणाला. कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणाला की माझे वडील ज्यू आहेत, आई युक्रेनची आहे, ज्यू नाही, तिकडे रब्बी लोक, म्हणजे धर्मगुरू, मला मोजत नाहीत, तुम्हाला आधी सांगितलेलं बरं.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इस्रायलचं नागरिकत्व मिळायला एक आजोबा किंवा आजी ज्यू असली तरी पुरतं, पण धर्माच्या हिशेबात आई लागते. तो तिथे जन्मला, तिथल्या शाळेत गेला, सैन्यात तीन वर्षं काढली, हिब्रू त्याची मातृभाषा, आणि आमच्या हॉलमध्ये जे आठ-नऊ पुरुष उभे होते त्यातल्या निम्म्यांना सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) देवनागरीत लागतो. हजान गप्प झाले. चांगला माणूस आहे हो, ते नाही म्हणताना त्यांनाच जड गेलं असणार, पण नियम त्यांनी केलेला नाही. म्हणाले, बेटा तू उभा राहा आमच्याबरोबर, तेफिला कर, पण मिन्यान मी धरू शकत नाही.

आत्या भडकली. म्हणजे भडकली कशी, आवाज चढवला नाही, स्वयंपाकघराच्या दारातून हजानांना म्हणाली, आम्हालाही हेच विचारलं होतं. ते खरंच आहे. १९६० नंतरची ती चार वर्षं, आमच्या लोकांनी लग्न ठरवलं की तिकडचे रब्बी मागच्या पिढ्या खोदायला लागायचे, तुमची आजी कोण, तिची आई कोण, तुम्ही भारतात इतकी शतकं होता तर तुमच्यात कोण कोण मिसळलं. नवगावच्या किनाऱ्याला बोट फुटली आणि सात जोडपी वाचली ही आमची गोष्ट, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी शनिवार तेली म्हणायचे ही आमची ओळख, त्याचे कागद कुठून आणणार. मोर्चे झाले, धरणी झाली आणि १९६४ साली तिथल्या सरकारने ठरवून टाकलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतीत ज्यू आहेत. आत्या त्यानंतर पाच वर्षांनी गेली पण तिची मोठी नणंद त्या काळात लग्नाची होती. त्याबद्दल आत्या कधी जास्त बोलत नाही, त्या दिवशीही बोलली नाही, एवढं एक वाक्य म्हणाली आणि कालवण गरम राहील ना बघायला आत गेली.

मला काय वाटलं ते सांगते. मी हिशेब केला की त्या घटकेला घरात सोळा माणसं होती. सहा आम्ही बायका, ज्यांनी ते सगळं उभं केलं, फोनपासून फडक्यापर्यंत. एक तो मुलगा. आणि नऊ मोजलेले. सोळातून दहा निघेनात. नियम नियमाच्या जागी, मी काही क्रांती करायला निघाले नाही, आणि उद्या हजानांनी म्हटलं की बायका धरू तर आमचे देवळालीचे काकाच आधी उठून जातील. पण वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, आपल्यातल्या एकीला मिशा लावूया का, आणि मला त्या वेळी इतकं हसू आलं की मी तोंडात पदर धरला.

तेफिला झाली, पण बारेखू नाही, कद्दिश नाही, ज्या ज्या ठिकाणी दहा लागतात ते वगळून. दादाने कागद घडी करून पाकिटात ठेवला. मग किद्दुश, शरबत, हामोत्सी (पावावरची ब्राखा), आणि जेवण. तो मुलगा तीनदा भात घेऊन जेवला. तो जाईल असं मला वाटलं होतं, गेला नाही, राहिला.

शनिवारचं फार सांगण्यासारखं नाही. उन्हाळ्यातला शब्बाथ संपता संपत नाही, रात्री तीन तारे दिसेपर्यंत म्हणजे पावणेआठपर्यंत दिवस ओढायचा, थंड जेवण, झोपा, पोरांचे पत्ते (पत्ते चालतात की नाही यावर दुपारभर वाद). दुपारी हजानांनी पिर्के आवोतचा (जुन्या गुरूंच्या वचनांचा ग्रंथ) त्या आठवड्याचा अध्याय वाचला, तो उन्हाळ्यातल्या शब्बाथांनाच वाचायची पद्धत आहे, आणि मराठीत समजावून सांगितला. निम्मे घोरत होते. वीज एकदाच गेली आणि शेजारचा मुलगा हाक न मारता आला. हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवणारी प्रार्थना, झाल्यावर सगळ्यांनी आधी काय केलं तर मोबाइल चालू केले, आणि त्यात निरोप, की रविवारी ठाण्याहून एक सुमो भरून येतेय, पुण्याचा धाकटाही ऑडिट आटपून बायकोमुलांसकट येतोय. म्हणजे प्रवासाला मोकळीक मिळाली तशी माणसंच माणसं.

मलिदा सोसायटीच्या हॉलमध्ये केला. सेक्रेटरींनी आधी विचारलं होतं की नक्की काय आहे, मी म्हटलं आमचा सत्यनारायण समजा, तर लगेच परवानगी, वर सतरंज्याही दिल्या. जाड पोहे घ्यायचे, जरा वेळ पाण्यात ठेवून निथळून घ्यायचे, चिखल होता कामा नये. त्यात ओलं खोबरं, साखर (आमच्याकडे साखर, काही घरांत गूळ), वेलची, जायफळ, आणि बदाम पिस्त्याचे काप. मोठ्या ताटात त्याची रास, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या, बाजूला सब्जाची डहाळी. मग हजान एकेका गोष्टीवर वेगळी ब्राखा म्हणतात, झाडाच्या फळाची वेगळी, त्यात खजूर, जमिनीच्या फळाची वेगळी, त्यात केळं, कारण केळीचं खोड दरवर्षी नवं येतं म्हणून ती झाड धरली जात नाही, सुवासाची वेगळी, तेव्हा सब्जा हातातून हातात फिरवून सगळे वास घेतात, पोह्याची वेगळी. आणि मग एलियाहू हनाबीचं गाणं. आमचा विश्वास असा की एलियाहू हनाबी कोकणात येऊन गेला, अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा आहेत, नवस फेडायला लोक तिथे जातात. आत्यालाही जायचं होतं पण नव्या गुडघ्याने तिथला खडक नको म्हणून नाशिकवर भागवलं. गाताना ती टाळ्या वाजवत उभी राहिली, गुडघा दाखवायला असेल.

मलिद्यानंतर हजानांनी तेहिल्लिम, म्हणजे स्तोत्रं, म्हटले. आता हॉलमध्ये मोजायची गरजच नव्हती, पुरुष पंधराच्या वर असतील. दिवस खरा टळून गेला होता, पण त्यांनीच दादाला खूण केली आणि दादाने पाकिटातून कागद काढला. पहिल्या ओळीला अडखळला, मग नीट म्हणाला. तो हैफाचा मुलगा सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणत होता, आणि आमेन म्हणायला काही अट नसते.

सोसायटीतल्या बायका ताटं घेऊन आल्याच होत्या, त्यांना पुड्या बांधून दिल्या. त्या मुलाला आत्याने प्लास्टिकच्या डब्यात मलिदा आणि राहिलेल्या शरबताची बाटली दिली, नवऱ्याने नाशिकरोड स्टेशनवर सोडला.

आता शावुओतला ठाण्याला जायचंय, दोन दिवसांचा सण, त्यासाठी बस करायची का सुमो हे ठरत नाहीये. वहिनीने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलाय आणि त्यात फक्त बायका घेतल्यात. देवळालीच्या काकांचा फोन येऊन गेला, म्हणाले आम्हाला का नाही घेतलं. वहिनी म्हणाली, दहा झाल्या की सांगते.